पुढे जाणे सिद्ध, मागे येणे अनिर्णित

काळप्रवास शक्य आहे का, या प्रश्नाला जो तडकाफडकी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो, त्याने प्रश्न नीट ऐकलेला नसतो. एका नावाखाली इथे दोन निराळी प्रकरणे आहेत. भविष्यात जाणे हे एक, भूतकाळात जाणे हे दुसरे. पहिल्याचा निकाल लागून पन्नासहून जास्त वर्षे झाली. त्यावर आता भौतिकशास्त्रज्ञ भांडत नाहीत. पुढच्या दशांश स्थळाचे मापन तेवढे चालू असते. दुसऱ्याची फाइल मात्र १९४९ पासून या टेबलावरून त्या टेबलावर फिरते आहे. तिच्यावर मोठमोठ्यांचे शेरे आहेत, पण ‘नामंजूर’ असा शिक्का मारणे कुणाला जमलेले नाही आणि ‘मंजूर’ लिहिण्याची कुणाची हिंमत नाही.

आधी निकाल लागलेले प्रकरण पाहू. आइन्स्टाइनच्या १९०५ च्या विशिष्ट सापेक्षता सिद्धांतानुसार वेगाने जाणारे घड्याळ हळू चालते. १९१५ च्या व्यापक सापेक्षतेने त्यात भर घातली: गुरुत्वाकर्षण जिथे जास्त, तिथेही घड्याळ हळू चालते. यात घड्याळाच्या यंत्राचा काही दोष नाही. तिथला काळच तसा सरतो. कणांचा क्षय, हृदयाचे ठोके, दाढीची वाढ, सगळे त्याच प्रमाणात मंदावते, म्हणून त्या प्रवाशाला स्वतःला काहीच वेगळे जाणवत नाही. परत आल्यावर मात्र जग आपल्यापेक्षा जास्त पुढे गेलेले दिसते. यालाच भविष्यात जाणे म्हणायचे.

याचा पुरावा डोक्यावरून सतत कोसळत असतो. वैश्विक किरण वातावरणावर आदळून साधारण १५ किलोमीटर उंचीवर म्युऑन नावाचे कण तयार होतात. त्यांचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जाईल. हिशोबाने हे कण वाटेतच संपायला हवेत. प्रत्यक्षात ते जमिनीपर्यंत पोचतात आणि आपल्या तळहातातून सेकंदाला एखाददुसरा आरपार जातो. आपल्या दृष्टीने त्यांचे घड्याळ मंदावलेले असते, त्यामुळे त्यांना आयुष्य पुरते.

पण कणांवर विश्वास ठेवायला सगळे तयार नसतात. त्यांच्यासाठी १९७१ चा प्रयोग आहे, आणि तो मला फार आवडतो. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये जोसेफ हाफेले आणि रिचर्ड कीटिंग या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी चार सीझियम अणुघड्याळे साध्या प्रवासी विमानांत चढवून पृथ्वीभोवती दोनदा फिरवून आणली, एकदा पूर्वेकडून, एकदा पश्चिमेकडून. घड्याळांसाठी रीतसर जागा राखून ठेवल्या होत्या आणि तिकिटे ‘मिस्टर क्लॉक’ या नावाने काढली होती. सगळा खर्च सुमारे ८,००० डॉलर, त्यातले ७,६०० तिकिटांचे. परतल्यावर नौदल वेधशाळेतल्या घड्याळांशी ताळा घेतला. पूर्वेला गेलेली घड्याळे सरासरी ५९ नॅनोसेकंद मागे पडली होती, पश्चिमेला गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे गेली होती. सिद्धांताचे भाकीत होते ४० मागे आणि २७५ पुढे. विमानांचे वेग आणि उंच्या तंतोतंत माहीत नसल्याने पूर्वेच्या भाकितात २३ नॅनोसेकंद इकडेतिकडे होण्याची मुभा होती, त्यामुळे ५९ त्यात बसले. दिशेने फरक का पडावा? पृथ्वी स्वतःच पूर्वेकडे फिरते. पूर्वेला जाणाऱ्याचा वेग तिच्या वेगात मिळवला जातो, पश्चिमेला जाणाऱ्याचा वजा होतो. त्यावर उंचीचा परिणाम वेगळा.

याहूनही बोलका प्रसंग जून १९७७ चा. जीपीएसच्या पूर्वतयारीसाठी सोडलेल्या एनटीएस-२ या उपग्रहात सीझियम घड्याळ होते. सापेक्षतेची दुरुस्ती खरोखरच लागेल याची प्रकल्पातल्या काही मंडळींना खात्री नव्हती. मग तडजोड झाली: दुरुस्ती करणारे उपकरण बसवायचे, पण बंद ठेवायचे. वीसेक दिवस घड्याळ तसेच चालू दिले. जमिनीवरच्या घड्याळांच्या मानाने ते दर एक लाख कोटी भागांमागे ४४२.५ भाग जलद चालताना आढळले, सिद्धांत ४४६.५ सांगत होता. मग उपकरण चालू केले. आजच्या जीपीएस उपग्रहांची घड्याळे उंचीमुळे दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि वेगामुळे ७ मागे पडतात. उरलेल्या ३८ मायक्रोसेकंदांत प्रकाश ११ किलोमीटरहून जास्त अंतर जातो. भारताच्या ‘नाविक’ उपग्रहांनाही हा हिशोब चुकत नाही. मोबाइलवर रस्ता शोधणारा माणूस आइन्स्टाइनचे गणित वापरत असतो, त्याला पत्ता नसला तरी. आणि २०१० मध्ये तर अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत दोन घड्याळांपैकी एक फक्त ३३ सेंटिमीटर वर उचलल्यावर त्याची चाल बदललेली मोजता आली.

मग माणसाला शंभर वर्षे पुढे पाठवायला अडचण कुठे आहे? तत्त्वात कुठेच नाही. अडचण बिलाची आहे. प्रकाशवेगाच्या ९९.५ टक्के वेगाने गेल्यास यानातल्या एका वर्षात पृथ्वीवर दहा वर्षे जातात. फक्त ७० किलोचा एक माणूस, यान आणि इंधन सोडून, त्या वेगाला न्यायचा तर भारत साधारण आठ वर्षांत जेवढी वीज तयार करतो तेवढी ऊर्जा हवी. माणसाने बनवलेली सर्वांत वेगवान वस्तू म्हणजे सूर्याजवळून जाणारे पार्कर यान. त्याचा वेग ताशी ६ लाख ९२ हजार किलोमीटर, म्हणजे प्रकाशवेगाच्या एक टक्क्याच्या पंधराव्या भागाइतका. शिवाय हा प्रवास एकतर्फी. पुढे गेलात की गेलात.

इथे एक गोष्ट बोलून टाकायला हवी. रैवत ककुद्मी राजा मुलगी रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी गेला आणि परत येईपर्यंत पृथ्वीवर युगे उलटली, ही पुराणकथा सांगून आपल्याकडे सापेक्षतावाद आधीच होता असे संदेश अधूनमधून फिरतात. कथा सुरेख आहे, तिच्यातली कल्पनाशक्ती थक्क करणारी आहे. पण किती वेगाला किती फरक, हे ती सांगत नाही. भौतिकशास्त्र तिथूनच सुरू होते.

आता दुसरी फाइल.

समीकरणे भूतकाळाकडे बोट दाखवतात, ही तक्रार सापेक्षतेच्याच वाट्याला आलेली नाही. विद्युतचुंबकीय लहरींच्या समीकरणांना दोन उत्तरे निघतात. एकात लहर प्रक्षेपणानंतर पोचते, दुसऱ्यात ती आधीच पोचते. पुस्तकात दुसरे उत्तर गुपचूप टाकून देतात. १९४५ मध्ये जॉन व्हीलर आणि रिचर्ड फाइनमन यांनी दोन्ही उत्तरे प्रामाणिकपणे धरून पाहिली: विश्वातले सारे शोषक पदार्थ प्रतिसाद देतात आणि त्या प्रतिसादामुळे ‘आधी पोचणारा’ भाग पुसला जातो. साठच्या दशकात केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल आणि कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर यांनी पुढचा प्रश्न विचारला. हे पुसले जाणे कोणत्या प्रकारच्या विश्वात बरोबर जमते? त्यांचे उत्तर स्थिर-स्थिती विश्वाच्या बाजूने गेले. ते प्रारूप पुढे बहुतेकांनी सोडून दिले, पण विचारण्याची ती पद्धत मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटते. समीकरण काय चालवून घेते हे एक, आणि आपले विश्व त्यातले काय करू देते हे दुसरे.

१९४९ मध्ये तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेल याने, आइन्स्टाइनच्या सत्तरीच्या निमित्ताने म्हणावे तर भेट आणि म्हणावे तर पेच, अशी एक गोष्ट मांडली. व्यापक सापेक्षतेच्या समीकरणांचे त्याने एक असे उत्तर काढले की ज्यात सगळे विश्व फिरते आहे, आणि त्यात सतत पुढे जात राहणारा प्रवासी स्वतःच्याच भूतकाळात येऊन पोचतो. कुठेही प्रकाशवेग ओलांडावा लागत नाही. आइन्स्टाइनने उत्तरात कबूल केले की सिद्धांत रचताना ही शक्यता त्यालाही खटकली होती. अशी उत्तरे भौतिक कारणांनी बाद करता येतील का, हे तपासावे असे त्याने सुचवले. पुढची पंचाहत्तर वर्षे नेमके तेच चालू आहे. गोडेलचे विश्व प्रसरण पावत नाही, आपले पावते; म्हणून ते बाजूला पडले. १९७४ मध्ये फ्रँक टिप्लरने फिरणाऱ्या दंडगोलाचा मार्ग सुचवला, तर त्या दंडगोलाची लांबी अनंत हवी. १९९१ मध्ये रिचर्ड गॉटने एकमेकींजवळून सुसाट जाणाऱ्या वैश्विक तंतूंची जोडी आणली. असे तंतू आजवर कुणाला दिसलेले नाहीत. फिरत्या कृष्णविवराच्या पोटातही असे मार्ग गणितात निघतात, पण तो भाग इतका अस्थिर आहे की त्याच्यावर कुणी विसंबत नाही.

खरा जीव असलेला प्रस्ताव एकच, कृमिविवराचा, आणि त्याची सुरुवात एका कादंबरीच्या हस्तलिखितातून झाली. कार्ल सेगन ‘कॉन्टॅक्ट’ लिहीत होते. त्यांनी नायिकेला कृष्णविवरातून दूरच्या ताऱ्याकडे पाठवले होते. शास्त्र बरोबर आहे ना, हे पाहायला त्यांनी मित्र किप थॉर्न यांना हस्तलिखित दिले. थॉर्न म्हणाले, कृष्णविवर तिला चिरडून टाकेल. अवकाशातील दोन जागा जोडणारा बोगदा, म्हणजे कृमिविवर वापरा. एका लांबच्या मोटारप्रवासात त्यांनी त्यासाठी आकडेमोडही केली. कृमिविवरे जुनीच होती, पण १९६२ मध्येच दाखवले गेले होते की ती प्रकाश आरपार जाण्याआधी मिटतात. थॉर्न आणि त्यांचा विद्यार्थी मायकेल मॉरिस यांनी १९८८ मध्ये प्रश्न उलटा केला: ते उघडे राहायला आत काय भरावे लागेल?

आणि उघडे राहणाऱ्या कृमिविवराचे काळयंत्र कसे होते, तेही त्याच वर्षी पुढे आले. कल्पना करा, २०३० मध्ये आपल्याकडे असा एक बोगदा आहे. त्याचे एक तोंड जमिनीवर, दुसरे यानात. यान प्रकाशवेगाच्या ९९.५ टक्के वेगाने जाऊन २०४० मध्ये परत येते. यानातल्या तोंडाजवळच्या घड्याळात मात्र २०३१ च उजाडलेले असते. आता बाहेरून पाहिले तर दोन घड्याळांत नऊ वर्षांचा फरक आहे. बोगद्याच्या आतून पाहिले तर फरक नाहीच, कारण आतल्या बाजूने ती दोन तोंडे एकमेकांपासून कधी दूर गेलीच नाहीत. म्हणून २०४० मध्ये यानातल्या तोंडातून शिरणारा माणूस जमिनीवरच्या तोंडातून २०३१ मध्ये बाहेर पडतो. यातूनच मर्यादाही दिसते. यंत्र तयार होण्याआधीच्या काळात जाता येत नाही. महाराजांच्या राज्याभिषेकाला हजर राहण्याची इच्छा कितीही दांडगी असली, तरी त्यासाठी १६७४ च्या आधी कुणीतरी बोगदा खोदून ठेवायला हवा होता.

आता आत भरायच्या मालाकडे वळू. इथे कोलकात्याचे अमलकुमार रायचौधुरी आठवतात. त्यांच्या १९५५ च्या समीकरणाने दाखवले की साधे द्रव्य शेजारून जाणाऱ्या मार्गांना एकमेकांकडे ओढते. कृमिविवराला बरोबर उलटे हवे: एका तोंडाने आत येणारे किरण दुसऱ्या तोंडाने फाकत बाहेर पडायला हवेत. त्यासाठी ऋण ऊर्जा लागते, म्हणजे निर्वातापेक्षाही कमी. हे ऐकून हसू येते, पण ऋण ऊर्जा थोतांड नाही. हेंड्रिक कॅसिमिर यांनी १९४८ मध्ये भाकीत केले होते की निर्वातात अगदी जवळ ठेवलेल्या, विद्युतभार नसलेल्या दोन धातूच्या पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातील, कारण त्यांच्यामधली ऊर्जा बाहेरच्यापेक्षा कमी असते. १९९७ मध्ये स्टीव्ह लॅमोरो यांनी ते बल सुमारे पाच टक्क्यांच्या अचूकतेने मोजले. अडचण प्रमाणाची आहे. एक मीटर रुंदीचा बोगदा उघडा ठेवायला लागणारी ऋण ऊर्जा साधारण गुरू ग्रहाच्या वस्तुमानाएवढी भरते. आणि पुंजभौतिकी ती उसनी देते तेव्हा अटीवर देते: जितकी जास्त, तितक्या कमी वेळासाठी. ही अट कितपत मोडता येईल यावर अजून काम चालू आहे, पण आजवरच्या निकालांचा कल कृमिविवराच्या विरोधात आहे.

दुसरा एक रस्ता मध्येच डोकावून गेला. प्रकाशापेक्षा वेगवान कण असतील, तर त्यांच्याकरवी भूतकाळात निरोप धाडता येईल. १९६२ मध्ये बिलानिउक, व्ही. के. देशपांडे आणि ई. सी. जी. सुदर्शन यांनी दाखवले की असे कण सापेक्षतेत बसवता येतात, आणि काळात मागे जाणारा ऋण ऊर्जेचा कण म्हणजे पुढे जाणारा धन ऊर्जेचाच कण असे वाचता येते. त्यांना टॅकिऑन हे नाव नंतर मिळाले. सप्टेंबर २०११ मध्ये सर्नहून इटलीतल्या ग्रान सासोपर्यंत ७३० किलोमीटर गेलेले न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याची बातमी आली, तेव्हा हे सगळे पुन्हा उजेडात आले. काही महिन्यांत कारण सापडले: एका प्रकाशतंतूच्या केबलची जोडणी नीट बसलेली नव्हती.

भूतकाळात जाऊन आजोबांनाच मारले तर? हा आक्षेप सगळ्यांना ठाऊक आहे आणि तो अखेरचा समजला जातो. मला तो तितका मजबूत वाटत नाही. जोसेफ पोल्चिन्स्की यांनी त्यातले माणूस आणि खून काढून टाकून बिलियर्डचा चेंडू घातला. चेंडू कृमिविवरात शिरतो, थोडा आधीच्या काळात बाहेर पडतो आणि स्वतःलाच धडकून आत शिरू देत नाही. मग आत शिरला कोण? थॉर्न यांच्या दोन विद्यार्थ्यांनी गणित मांडले, तेव्हा विसंगती नाहीशी झाली: चेंडू स्वतःला ओझरता धक्का देतो, त्या धक्क्यानेच तो किंचित तिरका आत जातो, आणि म्हणूनच ओझरताच धडकतो. सुसंगत उत्तर सापडले. उलट अशी उत्तरे एक नव्हे तर अगणित निघाली. रशियन शास्त्रज्ञ इगोर नोविकोव यांचे म्हणणे असेच: जे घडले ते घडलेच, प्रवासी त्यात आधीपासून सामील असतो. पण अगणित उत्तरांतले कोणते घडेल हे सांगता येत नसेल, तर तो भौतिकशास्त्राच्या दृष्टीने आजोबांपेक्षा मोठा पेच आहे.

डेव्हिड डॉइच यांनी १९९१ मध्ये पुंजभौतिकीतून तिसरी वाट काढली. तुम्ही परतता तो भूतकाळ विश्वाच्या दुसऱ्याच शाखेतला असतो. तिथे काहीही करा, तुमच्या शाखेतले आजोबा सुखरूप. मराठी वाचकाला ही शाखांची कल्पना नवी नाही. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतले प्राध्यापक अशाच दुसऱ्या इतिहासात जाऊन पडतात, जिथे १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. डॉइच यांचे गणित सुसंगत आहे. मात्र अशा शाखा खरोखर आहेत की ती समीकरण वाचण्याची एक पद्धत आहे, यावर पुंजभौतिकीच्या जाणकारांचे आजही एकमत नाही.

या सगळ्याला सर्वांत वजनदार विरोध स्टीफन हॉकिंग यांचा. १९९२ मध्ये त्यांनी कालक्रम-संरक्षणाचे अनुमान मांडले: काळयंत्र सुरू होण्याच्या ऐन क्षणी निर्वातातली सूक्ष्म स्पंदने त्याच वाटेने पुन्हा पुन्हा फिरून स्वतःवर साचत जातात, त्यांची ऊर्जा बेसुमार वाढते आणि यंत्र मोडते. २८ जून २००९ रोजी त्यांनी केंब्रिजमध्ये काळप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि आमंत्रणे नंतर जाहीर केली. कुणी आले नाही. मजा म्हणून ठीक, पुरावा म्हणून नाही; २००९ मध्ये कुणाकडे यंत्र नव्हते, तर पाहुणे येणार कुठून? १९९७ मध्ये के, रॅडझिकोव्स्की आणि वॉल्ड यांनी काटेकोरपणे सिद्ध केले ते एवढेच, की त्या सीमेवर आपली सध्याची गणिती साधने निकामी होतात. साधने निकामी होणे म्हणजे यंत्र मोडणे नव्हे. निवाडा करायला गुरुत्वाकर्षणाचा पुंजसिद्धांत हवा, आणि तो अजून कुणाकडे नाही.

अधूनमधून मथळे येतात. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात फोटॉन भूतकाळात गेले, २०१९ मध्ये संगणकाने काळ उलटा फिरवला, २०२२ मध्ये कृमिविवर तयार झाले. पहिले डॉइच यांच्या गणिताचे प्रयोगशाळेतले सोंग होते, दुसरे पुंजसंगणकावर एका साध्या प्रणालीची स्थिती उलटी चालवणे, तिसरे नऊ क्यूबिटांवरची एका सोप्या प्रारूपाची आकडेमोड, आणि तिच्या अर्थाबद्दलही वाद झाला. तिन्हींत कुणी किंवा काही मागे गेले नाही. असा मथळा पुन्हा दिसला तर एवढेच पाहावे की काय मोजले, किती सेकंदांचा फरक आला आणि तो घड्याळात दिसला की समीकरणात.

माझ्या मते हॉकिंग बरोबर ठरण्याची शक्यता जास्त आहे. गोडेलपासून गॉटपर्यंत प्रत्येक वाट कुठल्या तरी अशा अटीवर अडते की जी आपले विश्व पुरी करत नाही, आणि इतक्या वेळा तसे होणे हा निव्वळ योगायोग वाटत नाही. पण हे मत आहे, सिद्धता नाही, आणि ज्याला यावर काम करायचे त्याला मोकळे रान आहे. पुढच्या दिशेचा हिशोब मात्र आजही मांडता येतो. अवकाश स्थानकावरचे घड्याळ दिवसाला साधारण २५ मायक्रोसेकंद मागे पडते. २०२५ मध्ये वीस दिवस अवकाशात राहून आलेले शुभांशु शुक्ला आपल्यापेक्षा अर्धा मिलिसेकंद पुढे आहेत. पाच मोहिमांत मिळून १,१११ दिवस अवकाशात काढलेले ओलेग कोनोनेन्को सुमारे २७ मिलिसेकंद पुढे आहेत, आणि माणसाने केलेला सर्वांत लांबचा काळप्रवास सध्या तेवढाच आहे.